फी कॉलेजची, काम दुकानाचं, मग शिकवायचं कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात कॉलेजांच्या जाहिराती पानंच्या पानं येतात, त्यात आता नवीन टूम निघालीय, "डिग्री घेता घेता कमवा", "स्टायपेंडसह बीबीए", "थेट इंडस्ट्रीत शिका". मी असाच एक कोर्स करतेय, बीबीए रिटेल मॅनेजमेंट, पुण्यात, आणि तिसरं वर्ष अख्खं एका सुपरमार्केटमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून काढून आत्ताच मोकळी झालेय. दुकानाचं आणि कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वर्गातल्या बाकीच्यांशी बोलले तर सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तेच निघालं, एकाला धरून झोडपण्यात अर्थ नाही.

पण हे रडगाणं आहे असं समजू नका. दुकानात शिकायला भरपूर आहे, खरं सांगायचं तर दोन वर्षं वर्गात बसून जेवढं कळलं नाही तेवढं पहिल्या सणासुदीत कळलं. 2025 मध्ये 22 सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले ते आठवत असेल, नेमकी त्याच दिवशी घटस्थापना. आदल्या दिवशी सर्वपित्री, आधीच पितृपक्षात लोक मोठी खरेदी टाळतात, त्यात "बावीस तारखेनंतर स्वस्त होणार" हे सगळीकडे झालेलं, त्यामुळे आधीचे दिवस दुकान अक्षरशः ओस. आणि रविवारी रात्री शटर खाली ओढून आम्ही सगळे शेल्फ टॅग बदलत बसलो. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, अंगाचा साबण, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर, तूप लोणी फरसाण 12 वरून 5 वर, पॅकबंद पनीर शून्यावर, आणि कपडे धुवायची पावडर मात्र आहे तशीच 18 मध्ये. सिस्टिममधले दर हेड ऑफिसनं बदललेले, पण रॅकवरचे कागद हातानंच बदलावे लागतात, आणि मालावर तर जुनीच एमआरपी छापलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जे भांडण सुरू झालं ते दसऱ्यापर्यंत. एक आजोबा 118 रुपयांची शाम्पूची बाटली घेऊन आले, बिल 105 झालं, तर म्हणाले 13 टक्के कमी झालाय ना, मग 118 मधून 13 टक्के काढा, 103 च्या आत यायला पाहिजे, तुम्ही वरचे दोन-अडीच रुपये खाताय. मी गप्प, कारण हिशोब ऐकायला बरोबरच वाटत होता. शेजारच्या काउंटरवरची कॅशियर ताई, तिचं शिक्षण बारावी, तिनं बिलाच्या मागच्या बाजूला पेनानं लिहून दाखवलं, आजोबा 118 मध्ये मूळ किंमत 100 आणि टॅक्स 18, आता 100 वर 5 लावा. टॅक्स किमतीच्या आत बसलेला असतो, वरून वजा करायचा नसतो. आजोबा चष्मा सारखा करून दोनदा वाचून गेले. आमच्या 'रिटेल फायनान्स' विषयात जीएसटीवर अख्खं एक युनिट होतं आणि त्यात मला चांगले मार्क होते, तरी हे असं कोणी सांगितलं नव्हतं. पाच रुपयांचा बिस्किटपुडा साडेचारच्या आसपास आला तेव्हा सुट्ट्या पैशांवरून जी वादावादी झाली ती तर वेगळीच.

तशीच ती उपवासाची रॅक. कुठला माल कुठल्या फळीवर किती रांगा लावायचा याचा नकाशा हेड ऑफिसवरून येतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात, परीक्षेत दहा मार्कांचा हमखास प्रश्न. आमच्या नकाशात साबुदाणा डाळींच्या शेजारी, राजगिऱ्याचं पीठ 'हेल्थ फूड' मध्ये, भगर तांदळाच्या सगळ्यात खालच्या फळीवर आणि शेंगदाणे भलत्याच गल्लीत. कागदावर बरोबर आहे हो, प्रत्येक वस्तू आपापल्या वर्गात. पण नवरात्रात बाई खरेदीला येते ती वर्ग बघून येत नाही, तिला उपवासाचं सामान पाहिजे. लूज धान्याच्या सेक्शनला एक काकू आहेत, आधी कितीतरी वर्षं किराणा दुकानात काम केलेल्या, त्यांनी मॅनेजर सरांना सरळ सांगितलं की फोटो काढून वर पाठवायचा तेवढ्यापुरता नकाशाप्रमाणे लावा, मग मी लावते. आणि गल्लीच्या तोंडाशी भगर, साबुदाणा, शिंगाडा पीठ, राजगिरा, शेंगदाणे, सैंधव, बटाट्याचे वेफर्स सगळं एकत्र मांडलं. संध्याकाळपर्यंत भगर दोनदा भरावी लागली. दिवाळीला पण त्यांनी तेच केलं, भाजके पोहे, डाळं, सुकं खोबरं, अनारशाचं पीठ आणि वर उटणं. मला विचाराल तर प्लॅनोग्रामवरचं सगळ्यात चांगलं लेक्चर ते, आणि देणारीला कोणी लेक्चरर म्हणणार नाही. (आमच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण अमेरिकेतल्या वॉलमार्टपासून सुरू होतं. मुंबईत 1948 पासून अपना बाजार आहे, 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत लोकांना एकत्र करून माल वाटप करतेय, त्यांच्यावर एक ओळ नाही. असो.)

आता मुद्द्यावर येते. एवढं सगळं शिकण्यासारखं असताना आम्हाला ते शिकायला मिळालं का, तर जे मिळालं ते योगायोगानं. दिवाळी होईपर्यंत मी फ्लोअरवर होते, दिवाळीनंतर एक कॅशियर सोडून गेली आणि मला बिलिंगला बसवलं, बसवलं म्हणजे उभं केलं, आणि उन्हाळा आला तरी तिथंच. खरेदी कशी होते, माल उतरवून घेताना काय तपासतात, महिनाअखेरीला साठा आणि सिस्टिम यात जी तफावत निघते ती कुठून येते, सप्लायरशी बोलणी कशी करतात, यातलं काही बघायचं असेल तर ब्रेकमध्ये मागे गोडाऊनला जाऊन बघायचं. मॅनेजर सरांना विचारलं की माझं डिपार्टमेंट कधी बदलणार, तर म्हणाले, अगं माणसं कुठायत, पहिली तारीख आलीय. त्यांचंही खोटं नाही, महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत पगार झालेले लोक ट्रॉल्या भरभरून येतात, तेव्हा चालू काउंटरवरचं माणूस उचलणं कुठल्याच मॅनेजरला परवडत नाही. म्हणून मी दुकानाला तितका दोष देत नाही जितका कॉलेजला देते. दुकानाला हात हवे होते, त्यांनी ते उघड मागितले. कॉलेजचं काय?

कॉलेजनं त्या वर्षाची पूर्ण फी घेतली. पूर्ण म्हणजे ट्यूशन, लायब्ररी, जिमखाना सगळं, वर्षभर आम्ही कॅम्पसमध्ये पाऊल टाकलं नाही तरी. बदल्यात काय, तर एक 'इंडस्ट्री मेंटॉर सर', ज्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता आणि त्यावर महिन्यातून एकदा "लॉगबुक अपलोड करा, लास्ट डेट उद्या" असा मेसेज यायचा. लॉगबुकमध्ये दर आठवड्याला 'काय शिकलात' हा रकाना, मी चिडून सलग कितीतरी आठवडे "बिलिंग" एवढंच लिहिलं, तरी शेरा आला "गुड, कीप इट अप". ते दुकानात आले एकदाच, मॅनेजरसोबत चहा घेतला, आमच्यासोबत फोटो काढला, तो आता प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापलाय. मी बॅकग्राउंडला आहे, ओळखू येत नाही हे नशीब.

नियम नाहीत असं नाही. नवीन शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं, त्यात अशा डिग्रीला जागा आहे, यूजीसीनं 2025 मध्ये त्यासाठी नव्यानं मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि मूळ अ‍ॅप्रेंटिस कायदा तर 1961 चा आहे, आयटीआयवाली मुलं ज्याला शिकाऊ उमेदवारी म्हणतात तोच. तो कायदा मी हॉस्टेलवर बसून वाचला. कलम 15 म्हणतं की अ‍ॅप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घ्यायचा नाही, घ्यायचाच तर अ‍ॅप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझर या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि तीही प्रशिक्षणासाठी किंवा लोकहितासाठी गरज असेल तरच. दिवाळीच्या आठवड्यात सगळ्यांचे वीकऑफ रद्द झाले आणि दहा वाजता सुटायची ड्युटी साडेअकरापर्यंत गेली, तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती ते मला जाणून घ्यायला आवडेल.

आणि कलम 18. ते म्हणतं अ‍ॅप्रेंटिस हा शिकणारा आहे, कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. आता आपल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात बायकांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर त्यांची संमती पाहिजे, सुरक्षेची सोय पाहिजे आणि घराच्या दारापर्यंत सोडायला गाडी पाहिजे. चांगला नियम आहे. आमच्याकडे क्लोजिंग शिफ्टच्या बायकांना गाडी होती, पण अ‍ॅप्रेंटिस मुलींना "तुमची नावं रोस्टरच्या दुसऱ्या यादीत आहेत" म्हणून नव्हती, आम्ही तिघी शेअर रिक्षा करून जायचो आणि पोचल्यावर एकमेकींना मेसेज. नंतर ड्रायव्हर काकांनीच कोणाला न विचारता आम्हाला गाडीत घ्यायला सुरुवात केली. कॉलेजला फोन केला तर म्हणाले तो स्टोअरचा विषय आहे, स्टोअरला विचारलं तर म्हणाले तुम्ही कॉलेजच्या मुली, कॉलेजकडून लेटर आणा. म्हणजे काम सांगताना आम्ही स्टाफ आणि सोयी मागताना पाहुणे.

पैशाचं थोडक्यात सांगते कारण त्यावर बाकीचे लिहितातच. 2019 च्या दरांप्रमाणे डिग्रीवाल्या अ‍ॅप्रेंटिसला महिना किमान 9,000, आणि एनएपीएस या केंद्राच्या अ‍ॅप्रेंटिसशिप योजनेत सरकार त्यातला 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, स्वतः देतं. 2025 च्या मे महिन्यात केंद्राच्या अ‍ॅप्रेंटिसशिप कौन्सिलनं हे दर 36 टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली, म्हणजे 5,000 ते 9,000 चे 6,800 ते 12,300. माझ्या हातात वर्षभर पडले ते 9,000 च. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे साडेपाच, मेसचे तीन हजार, झालं, बसचा पास घरून. आणि वर ती फी. वडिलांनी एकदा सहज विचारलं, तू कमावतेयस का आम्ही तुला कामाला ठेवायचे पैसे भरतोय? मला उत्तर सुचलं नाही.

उभं राहण्याचं पण लिहिते, लोकांना हे हास्यास्पद वाटतं. काउंटरवर खुर्ची नसते. गर्दी नसली तरी बसायचं नाही, "ग्राहकाला चांगलं दिसत नाही". केरळनं 2018 मध्ये आणि तामिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या लोकांना बसायचा हक्क कायद्यात लिहून दिला, कारण दिवसभर उभं राहून पायांच्या नसा सुजतात, पाठ जाते. कॅशियर ताई कायम घोट्याला क्रेप बँडेज बांधून यायची, मला वाटायचं पाय मुरगळलाय, नंतर कळलं की ते रोजचंच आहे. आपल्याकडे ही मागणी कोणी आमदार उचलेल का?

जाहिरातवाले "कमवा आणि शिका" हे शब्द बिनदिक्कत वापरतात त्याचा मला खास राग येतो, मी साताऱ्याची आहे. कर्मवीर भाऊरावांच्या त्या योजनेतली पोरं शेतात राबायची, पण त्यांच्याकडून फी उकळून त्यांना विसरून जायचं असा तो व्यवहार नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या वर्षाची डिग्री कॉलेज देतं त्या वर्षाचं शिकवणं कॉलेजनंच करावं, दुकानाच्या मर्जीवर सोडू नये. प्रत्येक विभागात किती आठवडे हे करारातच लिहून घ्या, माल उतरवणं, साठा, खरेदी, फ्लोअर, बिलिंग, आणि ते पाळलं नाही तर मुलगी दुसऱ्या दुकानात हलवा. आठवड्यातून एक दिवस वर्ग घ्या, ऑनलाइन घेतला तरी चालेल, तिथं आम्ही दुकानातले प्रश्न आणू. नाहीतर निदान त्या वर्षाची फी तरी अर्धी करा. आणि रिटेल कौन्सिलचं, म्हणजे रिटेल क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचं, सर्टिफिकेट देताना परीक्षक येतात ते प्लॅनोग्रामची व्याख्या विचारतात, त्यांनी एखादी रॅक लावायला सांगावी, म्हणजे कोण कुठं उभं होतं ते लगेच कळेल.

आणि आत्ता प्रवेशाला निघालेल्या पालकांना: काउंटरवर "प्लेसमेंट किती टक्के" विचारू नका, ते शंभरच सांगतात. मागच्या बॅचचा एक सहीशिक्क्याचा करार दाखवा म्हणा, त्यात कामाचे तास आणि विभाग लिहिलेत का बघा, तो करार सरकारी अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलाय का विचारा, आणि अ‍ॅप्रेंटिसच्या वर्षाची फी कशाकशाची आहे ते लेखी मागा. माझ्या त्या वर्षाच्या फी पावतीची आणि लॉगबुकच्या चार पानांची प्रत नावं झाकून या पत्रासोबत जोडतेय. "गुड, कीप इट अप" वालं पान तिसरं आहे, जागा असेल तर छापा.

आपली,
एक अ‍ॅप्रेंटिस, बीबीए (रिटेल मॅनेजमेंट), पुणे
(निकाल अजून लागायचाय, कृपया नाव छापू नये)