कुलनिंग आणि ध्रुवीय प्रकाश

महोदय,

ध्रुवीय प्रकाशाच्या (नॉर्दर्न लाइट्सच्या) रीलवर हल्ली स्वीडनचं ‘कुलनिंग’ सर्रास जोडलं जातं. ऐकताना अंगावर काटा येतोच. पण ही उन्हाळी कुरणांवरच्या बायकांची गाई-शेळ्यांना परत बोलावण्याची हाक आहे, आणि ऐन उन्हाळ्यात तिथली रात्र इतकी उजळ असते की ध्रुवीय प्रकाश दिसतच नाही.

शिकणारे बहुधा छातीतून ओरडतात; घसा आवळतो आणि आवाज बसतो. सूर उंच, शीर्षस्वरात (डोक्यात घुमणाऱ्या पातळ आवाजात), कंप न देता सरळ सोडायचा, तरच तो दूरवर पोचतो. बंद खोलीत ध्वनिमुद्रण केलं की डोंगराचा प्रतिध्वनी, म्हणजे निम्मं गाणंच, हरवतं.

उत्तर स्कँडिनेव्हियातल्या मूळ रहिवासी सामी लोकांत तर या प्रकाशाखाली गाणं, शिट्टी टाळण्याची जुनी रीत आहे.

– एक वाचक, पुणे