कार्ट्रिजला न दिसणारी अक्षरे

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

क्षयाच्या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, अक्षर-अक्षर वाचणे हे माझे रोजचे काम. काल पडद्यावर एक ओळ आली: आरपीओबी जनुक, स्थान ४५०, ‘टीसीजी’चे ‘टीटीजी’. सुमारे ४४ लाख अक्षरांत एका ‘सी’च्या जागी ‘टी’ आला, आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला जंतूवर धड बसायला जागा उरली नाही.

एवढ्यासाठी माझी गरज नाही. सीबीनॅट या क्षय तपासणाऱ्या यंत्राचे कार्ट्रिज हा बदल दोन तासांत पकडते. पण ते या जनुकाची ८१ अक्षरेच बघते. बदल त्याबाहेर, ४९१ व्या स्थानी असला, तर ‘रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ असे छापून येते आणि पेशंट नेहमीच्याच गोळ्या गिळत राहतो. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत नेमके हेच झाले.

माझी काळजी मात्र वेगळ्या औषधाची आहे. २०२४ मध्ये केंद्राने नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी बीपाल्म या चार औषधांच्या उपचाराला मंजुरी दिली आणि दीड-दोन वर्षांचा कोर्स सहा महिन्यांवर आला. फार चांगले झाले. या उपचाराचा कणा बेडाक्विलिन. त्याला दाद न देणारे बदल बहुधा आरव्ही०६७८ या सुमारे ५०० अक्षरांच्या जनुकात कुठेही होतात. कधी एखादे अक्षर गळते, कधी जास्तीचे घुसते. ठरावीक जागा नसल्याने कार्ट्रिज बनवणेही अवघड. अख्खे जनुकच वाचावे लागते. कल्चरची, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याची, वाट पाहायची तर आठवडे जातात. हा जंतू एकाचे दोन व्हायलाच वीसेक तास घेतो.

टीबी-प्रोफायलर, मायक्रोब ही जीनोमवरून औषध लागू पडेल का ते सांगणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. अर्थात ती सांगतील ते ब्रह्मवाक्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अशा बदलांच्या यादीतही कितीतरी बदलांपुढे ‘अर्थ अनिश्चित’ असेच लिहिले आहे. तो अर्थ लागायचा तर जीनोम, कल्चरचा निकाल आणि पेशंट बरा झाला की नाही, हे शेजारी शेजारी ठेवावे लागते.

इंग्लंडने २०१७ पासून क्षयाच्या नेहमीच्या तपासणीतच जीनोम आणला. तिथे वर्षाला पाचेक हजार पेशंट. आपली गर्दी वेगळी, म्हणून सगळ्यांचे वाचा असे मी म्हणत नाही. बीपाल्म सुरू करण्यापूर्वी एकदा, आणि उपचार चालू असूनही कल्चर पॉझिटिव्ह येत राहिले तर पुन्हा, एवढे वाचावे. निकाल निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर त्याच पेशंटच्या नोंदीला जोडावा.

खर्च येतो तो रसायनांचा आणि माणसांचा. बायोइन्फर्मॅटिक्स शिकलेली मुले पुण्या-मुंबईत आहेत; अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ती टिकत नाहीत. पुणे आणि नागपूरच्या संदर्भ प्रयोगशाळांत अशी दोन-दोन कायम पदे येत्या पुरवणी मागण्यांत मंजूर करावीत, ही विनंती.

आपली,
क्षयरोग प्रयोगशाळेतील एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ