पुणे महापालिका आयुक्तांना खुले पत्र : चौकाआधीचे पन्नास मीटर

मा. आयुक्त महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात कोंडीचा विषय निघाला की त्यामागोमाग उड्डाणपूल निघतो. विद्यापीठ चौकातला पूल बांधून दीड दशकही झालं नव्हतं, तोच 2020 मध्ये तो पाडावा लागला आणि तिथे दुमजली पूल आला. त्यावर वाद घालायला हे पत्र नाही. मला बोलायचंय ते आज असलेल्या रस्त्याबद्दल, त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल.

संध्याकाळी सातला टिळक रस्त्यावर बसच्या खिडकीतून बघा. कडेला मोटारींची रांग. तिच्या बाहेर ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणत दिवे लुकलुकवणारी दुसरी. कोपऱ्यावर रिक्षा. बसला थांब्याला लागायला जागाच नसते, म्हणून ती मधोमध थांबते. एखाद्या आजी दुचाकींतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचेतो मागचा रस्ता तुंबलेला असतो. शिव्या मात्र चालकाला!

किती गाड्या पुढे जाणार, हे चौकात ठरतं. सिग्नलच्या रेषेपाशी दोन रांगा असल्या तर हिरव्या दिव्यात दोन सुटतात. एक उभ्या मोटारींनी अडवली की तेवढ्याच सेकंदांत एकच सुटते. मग मागचा अर्धा किलोमीटर कितीही रुंद करा. एका मार्गिकेला साधारण साडेतीन मीटर लागतात. उभी मोटार त्यातले दोन तरी खाते, आणि तिचं दार कधी उघडेल या धास्तीने दुचाकीवाले आणखी हातभर लांबून जातात. चौकाआधीच्या पन्नास मीटरांत अशा आठ-नऊ मोटारी मावतात. आठ-नऊ जणांच्या सोयीपायी अख्खा चौक अडतो.

पुण्याला हे कळत नाही असं नाही. शिवाजी रस्त्याने जायचं, बाजीराव रस्त्याने यायचं, ही एकेरी वाहतूक आपण कधीची अंगवळणी पाडून घेतलीय. सम-विषम तारखांना रस्त्याच्या एकाच बाजूला गाड्या लावायला सांगणाऱ्या पी-1, पी-2च्या पाट्याही पेठांत जुन्याच. मार्च 2018 मध्ये तर सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरणही मंजूर केलं. ते फायलीतून रस्त्यावर उतरलंच नाही.

दुकानदार विरोध करतील. त्यांचं एक म्हणणं खरं आहे, माल उतरवायला जागा हवी. ती सकाळी दहाच्या आत जरूर द्या. पण दुकानापुढे सकाळपासून न हललेली गाडी बहुधा गिऱ्हाइकाची नसते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

अडचण आहे ती निराळीच. पट्टे पालिकेचे, चौक वाहतूक पोलिसांचा, थांबा पीएमपीचा, म्हणजे शहर बससेवेचा. तिघांना एका टेबलाशी तुम्हीच बसवू शकता.

सगळं शहर नको. टिळक रस्त्याचा पूरम चौक ते अलका चौक एवढाच तुकडा घ्या. प्रत्येक चौकाआधी पन्नास मीटर आणि प्रत्येक थांब्यापुढची जागा मोकळी ठेवा, उरलेल्या कडेला तासावर पैसे लावा. तीन महिने. आधी आणि नंतर बसला इथून तिथे जायला किती मिनिटं लागली, ते पीएमपीकडून घ्या आणि दोन्ही आकडे जाहीर करा. जमलं नाही तर तेही जाहीर करा; पुढचं पत्र मी उड्डाणपुलासाठी लिहीन.

आपला,
टिळक रस्त्यावरचा एक बसप्रवासी