टर्नरच्या खोऱ्यातून

डेन्व्हर, रविवार रात्र

प्रिय सुहास,

परवा वायोमिंगमधल्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानातून परतलो. स्नेक नदीत राफ्टमधून जाताना काठच्या कॉटनवूडच्या झाडावर बाल्ड ईगलचं, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचं, घरटं दिसलं. घरटं कसलं, काटक्यांची बाजच! त्याच्या काठावर पिल्लू पंख झाडत उभं होतं आणि नावाड्याने वल्हं थांबवून आम्हाला खुणेनेच गप्प केलं. याच खोऱ्यात वाढलेल्या एका माणसाबद्दल तुला कधीचं लिहायचं होतं.

जॉन टर्नर. आजोबांनी १९२६ साली सुरू केलेलं त्यांचं ट्रँगल एक्स रँच आज त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. हा वन्यजीवशास्त्र शिकला, बाल्ड ईगलवर पुस्तक लिहिलं आणि पडला राजकारणात. वायोमिंगच्या विधिमंडळात १९ वर्षं, शेवटी तिथल्या सिनेटचा अध्यक्ष. १९८९ मध्ये थोरल्या बुशनी त्याला केंद्राच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा, म्हणजे वन्यजीव खात्याचा, संचालक नेमलं.

तुझ्या कपाळाला आठी पडली असणार: राजकारणी आणि खात्याचा प्रमुख? आपल्याकडे मंत्री निवडून येतो, पण वनखात्याचा प्रमुख भारतीय वनसेवेतूनच. मलाही आधी हे पटलं नव्हतं. पण इथे कायदाच म्हणतो की या खुर्चीवरच्या माणसाला या विषयाचं शिक्षण आणि अनुभव हवा. टर्नरकडे ते होतंच, वर गुरं पाळणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून तयार झालेला कान.

काळ्या पायांच्या फेरेटचंच बघ. मुंगसासारखा लांबुडका प्राणी, प्रेअरी डॉगच्या (नावाला डॉग, पण खारीच्या कुळातला) बिळात राहतो आणि त्यांनाच खातो. तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंगातल्या मीटीट्सीजवळ एका रँचवरच्या कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणून टाकला, तेव्हा कळलं की अजून आहेत! मग त्यांच्यात रोगाची साथ आली. १९८७ पर्यंत उरलेले १८ पकडून आणले, त्यांची पैदास केली. पण सोडायचे कुठे? रँचवाल्याला धास्ती, की फेरेट आला म्हणजे मागोमाग संकटग्रस्त प्राण्यांसाठीचा केंद्राचा कायदाही आपल्या कुंपणात शिरला. १९९१ मध्ये, टर्नरच्याच काळात, वायोमिंगातल्याच शर्ली बेसिनमध्ये ४९ फेरेट सोडले ते ‘प्रायोगिक’ म्हणून; रोजच्या कामात नकळत एखादा मेला तर रँचवाल्यामागे खटल्याचं झेंगट नको. ही तरतूद १९८२ची, त्याने शोधलेली नव्हे. पण ती का लागते, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

सगळीच प्रकरणं अशी गोडीने मिटली नाहीत. १९९० मध्ये ठिपकेदार घुबड संरक्षित यादीत गेलं, त्याच्या जंगलातली तोड अडली आणि अमेरिकेच्या वायव्येकडची लाकूडतोडीवर जगणारी गावं पेटून उठली. त्यामागे न्यायालयाचा रेटा होता, हे मान्य. तरी टर्नरच्या चार वर्षांत ५५ नवी अभयारण्यं झाली, आणि पद सुटल्यावरही तो जमिनी राखणाऱ्या कॉन्झर्व्हेशन फंडाचा अध्यक्ष झाला.

नदीवर मला तू आठवलास. ताडोब्याच्या बफरमधल्या त्या गावात वाघाने गाय मारली होती. पंचनामा उरकला, जीप चालू झाली, आणि तू मात्र त्या म्हातारीच्या ओट्यावर रात्री नऊपर्यंत बसून राहिलास. ती काय काय बोलली होती रे? मला जीपमधून काही ऐकू आलं नव्हतं. सविस्तर लिही.

तुझा,
मिलिंद