ट्रे माझ्याकडे सरकवल्याबद्दल

माननीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र बंद पाकिटात घालून तुमच्या टेबलावर ठेवता आलं असतं. पण कानाचं मशीन मी आता उघड्यावर घालते, मग आभार तरी झाकून का मानायचे? म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव मात्र घालत नाही. घातलं तर तुम्ही अवघडून जाल आणि 'अहो, हे तर माझं कामच' म्हणून विषय बदलाल. कामच आहे, कबूल. पण तेच काम करणारी दुसरी माणसंही मी पाहिली आहेत.

त्यांच्याविषयी आधी बोलून घेते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने लिहिता येईल.

तुमच्याकडे कान तपासायला येण्याआधी मी जिथे गेले होते तिथे तपासणी झाली, कुठल्या पट्टीचं किती ऐकू येतं त्याचा आलेख निघाला आणि तो कागद थेट ताईच्या हातात गेला. ताई माझी मोठी बहीण, मायेने सोबत आली होती. 'यांना कधीपासून त्रास आहे?' 'यांना टीव्हीचा आवाज मोठा लागतो का?' सगळे प्रश्न तिला. मी शेजारच्याच खुर्चीत. पन्नाशीची बाई, रोज भरल्या वर्गाला विज्ञान शिकवणारी, आणि स्वतःच्या कानांविषयी मला कुणी काही विचारेना. अधू कान होते, जीभ शाबूत होती. मग ड्रॉवरमधून एक इवलंसं यंत्र निघालं आणि पुन्हा ताईलाच सांगण्यात आलं, 'काळजी करू नका, कुणाला कळणारसुद्धा नाही!'

कुणाला कळू नये असं मी म्हटलंच नव्हतं. मागच्या बाकावरची मुलगी काय विचारते ते मला कळावं, एवढंच मला हवं होतं.

ते यंत्र मी घेतलं आणि वापरायचा इमाने प्रयत्नही केला. कानाच्या नळीत खोल बसायचं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमायचा, घास चावला तरी कानात धडधड. केस मागे सारायला हात नेला की शिट्टी. आणि त्या बटणासारख्या सेल! वरचा चिकट कागद काढायचा, हवा लागून सेल जागी होईपर्यंत थोडं थांबायचं, मग चिमटीत धरून इवल्याशा दारातून आत बसवायची. सेल संपायचीही ऐन तासाच्या मध्यात. तक्रार घेऊन गेले तर उत्तर ठरलेलं, 'सवय होईल.' सवयीला वेळ लागतो हे खरंच आहे. इतके दिवस न ऐकलेले आवाज मेंदूने पुन्हा ओळखीचे करून घ्यायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. तुम्हीही मला हेच सांगितलंत. फरक इतकाच की कुठला त्रास सवयीने जाईल आणि कुठला सवयीने जाणार नाही, तो यंत्रच बदलून घालवावा लागेल, हेही तुम्ही सांगितलंत. तिथे सगळ्याला एकच औषध होतं.

आता तुमच्याविषयी.

तुम्ही बोलायला सुरुवात करण्याआधी पंखा बंद केलात आणि खुर्ची अशी वळवलीत की खिडकीचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल. कमी ऐकू येणारा माणूस बरंचसं ओठांवरून वाचतो, हे त्या साध्या हालचालीत होतं. मग माझा आलेख माझ्यापुढे ठेवून तुम्ही जे सांगितलंत त्यावर मी अजून विचार करते. आलेखाच्या डाव्या बाजूचे, खालच्या पट्टीचे आवाज मला जवळजवळ नीट येतात, आलेखाच्या उजव्या बाजूला, वरच्या पट्टीत रेघ घसरते. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि दणकट असतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि हलकी. त्यामुळे माणूस बोलतोय हे मला कळायचं, काय बोलतोय हे कळायचं नाही. 'साठ' म्हटलं की मला 'आठ' ऐकू यायचं. 'मोठ्याने बोला' म्हटलं की समोरचा ओरडायचा, त्याने स्वर फुगायचे आणि व्यंजनं होती तिथेच राहायची. घरात इतके दिवस चाललेल्या चिडचिडीचा उलगडा त्या एका रेघेने झाला. 'लक्ष देत नाहीस' हे ताईचं लाडकं वाक्य त्या दिवसापासून बंद आहे. याबद्दलही आभार, पण पत्र यासाठी लिहिलेलं नाही.

पत्र ट्रेसाठी आहे.

कानामागे बसणारं, बारीक तारेने नळीत जाणारं मशीन माझ्यासाठी योग्य, हे ठरल्यावर तुम्ही रंगांचा ट्रे काढलात. ताई लगेच म्हणाली, 'कातडीच्या रंगाचं द्या हो, दिसायला नको.' तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तुम्ही तिच्याकडे बघून हसलात, ट्रे उचललात आणि टेबलावरून माझ्यापुढे सरकवलात. 'तुम्हाला कुठला आवडतो?' एवढं विचारून गप्प बसलात. माझं उत्तर येईपर्यंत तुम्ही थांबलात. ताईने पुन्हा तोंड उघडलं तेव्हा तुम्ही फक्त हात किंचित वर केलात. घड्याळाकडे पाहिलं नाहीत, 'हा बहुतेक लोक घेतात' म्हणून मदत केली नाहीत. बाहेर माणसं बसली होती.

त्या थांबण्यात माझ्या घशाशी काय आलं ते इथे लिहिता येणार नाही. कान मंदावल्यापासून मला कुणी थांबून काही विचारलंच नव्हतं. एकदा 'काय?' म्हटलं की लोक दुसऱ्यांदा सांगतात, दुसऱ्यांदा 'काय?' म्हटलं की 'जाऊ दे, काही नाही' म्हणतात. हे 'काही नाही' फार लागतं. हळूहळू आपणही विचारणं सोडतो, नुसती मान डोलावतो, सगळे हसले की हसतो. घरातले निर्णय आपल्या डोक्यावरून होऊ लागतात. आणि इथे एक परकी, माझ्याहून वयाने लहान बाई माझ्या उत्तरासाठी खोळंबून बसली होती. उत्तर तरी कशाचं, तर रंगाचं.

मी डाळिंबी लाल घेतला. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चष्मा घेताना आपण आरशासमोर तासभर घालवतो, चार फ्रेम घालून बघतो, दुकानदारही आग्रहाने दाखवतो. कानाची वेळ आली की आवाज खाली जातो. हे लपवणं फार जुनं आहे. घरी येऊन वाचत बसले तर कळलं की पोर्तुगालचे राजे सहावे जॉन यांच्यासाठी 1819 मध्ये एक सिंहासन बनवलं होतं. त्याचे हात म्हणजे जबडा उघडलेले सिंह. बोलणाऱ्याने त्या जबड्यात बोलायचं, आवाज आतल्या पोकळीतून नळीने राजाच्या कानापर्यंत जायचा. हातपंख्यांत, केसांच्या पट्ट्यांत दडवलेली कर्णयंत्रं त्या शतकात विकली जात. 1950च्या दशकात तर चष्म्याच्या काड्यांतच यंत्र बसवू लागले. कारागिरी सुरेखच, पण सगळी अक्कल खर्च झाली ती झाकण्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या अहवालाचा अंदाज असा की 2050पर्यंत जवळजवळ 250 कोटी लोकांना कमीअधिक श्रवणदोष असेल, म्हणजे साधारण दर चौघांत एकाला. इतक्या माणसांनी मिळून लपवायचं तरी कुणापासून?

लहान ते चांगलं, हा माझा समजही तुम्ही नरमाईने काढलात. अगदी आत बसणाऱ्या यंत्रात जागाच नसते, बहुतेकदा एकच मायक्रोफोन मावतो. कानामागच्या मशीनमध्ये दोन बसतात आणि त्यामुळे समोरच्याचा आवाज पुढे घेऊन मागचा कालवा कमी करता येतो. शिवाय माझ्या कानाच्या नळीत आता मशीनच्या टोकाची भोकांची मऊ टोपी आहे. खालच्या पट्टीचे जे आवाज मला आपोआप येतात ते तसेच आत येतात, आणि माझा आवाज आत कोंडून घुमत नाही. म्हणजे दिसतं ते मशीनच माझ्या कानांना बरं होतं, आणि तिथे मला न दिसणारं विकलं गेलं!

चार्जिंगच्या मशीनबद्दलही तुम्ही नुसते गोडवे गायला नाहीत, म्हणून तुमच्यावर विश्वास बसला. रात्री डबीत ठेवायचं, तीन-चार तासांत भरतं, सकाळी काढलं की आपोआप सुरू, दिवसभर चालतं. सेलची चिमटी-कसरत संपली. लहान मुलं असलेल्या घरात बटणसेल इकडेतिकडे पडायची भीती नाही. पण डबीत ठेवायला विसरलात तर सकाळी पंचाईत, खिशातून नवी सेल काढून बसवता येत नाही, हेही तुम्ही आधीच सांगितलंत. फोनवरचं बोलणं आणि गाणी थेट कानात घेतली की चार्ज लवकर उतरतो. आतली लिथियमची बॅटरी चार-पाच वर्षांत थकते आणि ती बदलायला मशीन पाठवावं लागतं. प्रवासात डबी हाताशी ठेवा, स्वतःची बॅटरी असलेली डबी घेतली तर प्लग शोधावा लागणार नाही. दोषही सांगून विकणारा माणूस मला विरळाच भेटला आहे.

उजव्याला लाल खूण, डाव्याला निळी, हे तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीने दाखवलं. माझी दोन्ही मशीनं लाल, त्यामुळे अजून कधीकधी उजवंडावं करताना चष्मा लावते. सौंदर्याची किंमत आहे ती.

वर्गात पहिल्या दिवशी अंबाडा बांधून गेले. मुद्दामच. पोरांनी पाचव्या मिनिटाला विचारलं, 'मॅडम, हे काय?' मी सांगितलं. मागून लगेच दुसरा प्रश्न आला, 'यात गाणी ऐकू येतात?' तो प्रश्न मला पहिल्या फटक्यात कळला. येतात म्हटल्यावर वर्गात माझा भाव वाढला. नंतर एक मुलगी मधल्या सुटीत येऊन उभी राहिली. तिच्या आजोबांचं मशीन कपाटात पडून असतं म्हणाली. 'तेपण लाल मिळेल का?' लाल मिळेल, पण आधी नीट जुळवून घ्यायला हवं, असं मी सांगितलं. कानाच्या पडद्यापाशी बारीक नळी ठेवून आवाज खरोखर किती पोचतो ते मोजता येतं, हे मला तुमच्याकडे येईपर्यंत कुठे माहीत होतं? कपाटात पडलेल्या कितीतरी मशीनांना हेच मोजमाप मिळालेलं नसणार. माणसं वैतागून ती काढून ठेवतात आणि दोष त्यांच्या वयावर जातो.

सगळं पहिल्यासारखं होणार नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलं होतंत आणि तसंच आहे. गोंगाटात अजून अडतं. दोघं एकदम बोलले की पहिल्याला थांबवावं लागतं. पण आता मी थांबवते. 'काही नाही' म्हणाला तर 'काहीतरी होतंच, सांग' म्हणते. लोक सांगतात. सांगायचं नसतं असं नाही, कुणी मागून घ्यावं लागतं, एवढंच.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याला मोठं काहीतरी आठवतं, कुणी रक्त दिलं, कुणी रात्रभर जागलं. त्या माणसांना नमस्कारच आहे. पण रोजच्या कामाच्या रेट्यात, बाहेर रांग असताना, समोरच्याला पुरतं माणूस धरणं मला त्याहून दुर्मीळ वाटू लागलं आहे. त्याला पैसे लागत नाहीत, पदवीही लागत नाही. बँकेतल्या खिडकीवरचा एखादा असतो तसा, तिकीट तपासणारी एखादी असते तशी. आणि जे तसे नसतात त्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्रं बरीच असतात, हा माझा अनुभव. राग अजून गेलेला नाही, दिसतंच आहे.

तुमच्या हाताखालची ती मुलगी त्या दिवशी कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. आलेखाचे आकडे, मशीनचं नाव, टोपीचं माप, सगळं भराभर उतरवत होती. तुम्ही ट्रे सरकवून गप्प बसलात तेव्हा तिचं पेन थांबलं होतं, बहुधा लिहिण्यासारखं काही घडत नाहीये असं वाटून. तिने ते लिहून घेतलं नसेल तर हे पत्र तिला वाचायला द्या.

पुढच्या महिन्यात मशीनचा फिल्टर बदलायला येते आहे. एकटीच.

आपली कृतज्ञ,
डाळिंबी मशीनवाली शिक्षिका