तो फोटो ऑपेराचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ऑपेरावरचा, म्हणजे युरोपातल्या संगीत नाटकावरचा, अर्धपानी लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण सौ. म्हणाली, आधी रक्तदाबाची गोळी घ्या आणि उद्या काय ते लिहा. गोळी घेतली. राग काही उतरला नाही.

आधी फोटोचे बोलू. पांढरे झगे आणि डोक्यावर छोटे मुकुट घातलेल्या मुली, काळ्या कोटातली मुले, सगळी रांगेत उभी, आणि खाली ओळ : 'व्हिएन्नातील ऑपेराचे एक दृश्य'. अहो, हे ऑपेराचे दृश्य नाही. वर्षातून एका रात्री, साधारण फेब्रुवारीत, तिथल्या सरकारी ऑपेरागृहातल्या खुर्च्या काढतात, रंगमंचाच्या पातळीला जमीन करून घेतात आणि नाचाचा थाटमाट करतात. त्याला ऑपेरा बॉल म्हणतात. हा फोटो त्याच्या उद्घाटनाचा. त्या रात्री श्रीमंत मंडळी मिरवतात हे खरेच आहे. पण आपल्या लेखक महाशयांनी बहुधा फोटो समोर ठेवूनच लेख लिहिला असावा, कारण 'ऑपेरा म्हणजे धनिकांची किंचाळणारी करमणूक' हा निष्कर्ष त्या मुकुटांखेरीज दुसरीकडून कुठून निघेल ते मला तरी समजत नाही.

लेक व्हिएन्नाला होती तेव्हा मी याच इमारतीत 'तोस्का' हा ऑपेरा पाहिला. पाहिला म्हणजे उभा राहून पाहिला. तिथे बसायच्या सतराशेच्या आसपास जागा आहेत आणि त्यांच्यामागे व वर मिळून चारशेहून अधिक जागा उभ्याच्या. बसायचे चांगले तिकीट दोनशे युरोच्या वर जाते. उभ्याचे तेव्हा चार युरोला होते, म्हणजे आपले तीनशे-सव्वातीनशे रुपये. बाजूच्या दारापाशी रांग लावायची, प्रयोगाच्या सव्वा तासभर आधी खिडकी उघडायची, तिकीट घेऊन आत शिरायचे आणि कठड्यापाशी जागा पकडायची. लेकीने माझ्या गळ्यातला मफलर सोडवला आणि कठड्याला गाठ मारून टाकला. झाली जागा! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, अगदी तसे. फरक एवढाच की आम्ही कॉफी पिऊन आलो तरी मफलर जिथल्या तिथे होता आणि त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा रुमाल पडलेला नव्हता. प्रत्येक मफलरासमोर कठड्यातच एक छोटा पडदा, गाण्याचे शब्द इंग्रजीतही दिसतात. 'भाषेची दुर्लंघ्य भिंत' असे एक वाक्य आपल्या लेखात आहे म्हणून हे मुद्दाम सांगितले.

माझ्या अंगात स्वेटर होता. शेजारच्या आजीबाईंच्या पायात कापडी बूट, हातात स्वरलिपीचे जाडजूड पुस्तक. पूर्वी ट्राम चालवायच्या, आता निवृत्त. मध्यंतरात त्या जिन्यावर बसल्या, पिशवीतून पाव काढून खाल्ला आणि मला मोडक्या इंग्रजीत बजावले की दुसऱ्या अंकाच्या शेवटी खोकू नका. दुसऱ्या अंकात नायिका तोस्का एका नीच पोलिसप्रमुखाला त्याच्याच जेवणाच्या टेबलावरच्या सुरीने भोसकते. एवढे झाल्यावर ती पळून जात नाही. दोन मेणबत्त्या उचलते, प्रेताच्या डोक्याशी दोन बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते आणि मग निघते. हे चाललेले असताना गाणे नाही, वाद्यवृंद तेवढा खालच्या सुरात. आजीबाईंनी पुस्तक मिटून घेतले होते. मी खोकलो नाही. तिसरा अंक उघडतो तोही पहाटेच्या घंटांवर आणि दूरवर गाणाऱ्या एका गुराखी पोरावर. किंचाळणे यात कुठे बसते ते लेखक महाशयांनी कळवावे, माझा पत्ता आपल्याकडे आहेच.

आता धनिकांचे. 1607 मध्ये माँतेवेर्दी या संगीतकाराचा 'ऑर्फेओ' हा ऑपेरा इटलीतल्या मांतुआच्या सरदारांच्या दरबारात झाला, हे लेखात आहे. त्यानंतर तीसच वर्षांनी, 1637 मध्ये, व्हेनिसला तिकीट काढून कोणालाही आत येता येईल असे ऑपेरागृह उघडले, हे मात्र लेखात नाही. पुढचा सगळा डोलारा त्या तिकिटावर उभा राहिला. मिलानच्या ला स्काला थिएटरात सर्वांत वरच्या स्वस्त माळ्यावर बसणाऱ्यांची तर गायकांना धडकी भरते. डिसेंबर 2006 मध्ये 'आयडा' या ऑपेराच्या सुरुवातीलाच तिथे रोबेर्तो आलान्या या बड्या गायकाची हुर्यो उडवली गेली, तर तो तडक रंगमंच सोडून निघून गेला आणि बदली गायकाला जीन्स घातलेल्या अवस्थेत प्रवेश करावा लागला. 'आयडा'चा संगीतकार वेर्दी 1901 मध्ये गेला तेव्हा मिलानच्या रस्त्यांवर लाखोंनी माणसे होती. ऑपेरातून कमावलेल्या पैशांत त्याने निवृत्त गायक-वादकांसाठी त्याच शहरात घर बांधून ठेवले होते. ते आजही चालू आहे. आणि दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून जळालेले व्हिएन्नाचे ऑपेरागृह, देश पार खंक झालेला असताना, 1955 मध्ये पुन्हा उघडले. हौसेमौजेच्या गोष्टीसाठी कोणी असे करत नाही.

किंचाळण्याबद्दल आणखी एक, कारण तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. ऑपेरात माइक नसतो. समोर साठ-सत्तर वाद्ये वाजत असतात आणि मागच्या कठड्यापर्यंत गळा पोहोचवायचा असतो. हे जोर लावून होत नाही. तयारीचा गायक गळ्याची पोकळी अशी साधतो की आवाजाचा जोर तीन हजार हर्ट्झच्या आसपास गोळा होतो. वाद्यवृंदाचा जोर त्यापेक्षा बराच खाली असतो, त्यामुळे त्या पट्ट्यात गळ्याला मोकळी वाट मिळते. यासाठी वर्षानुवर्षे मेहनत करावी लागते. एके काळी आपलेही गायक नट माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होतेच की.

आणि आता? गेल्या दिवाळीत आमच्या इथल्या नाट्यगृहात नाट्यपदांचा कार्यक्रम होता. गायिकेच्या गालाला माइक, तबल्याला दोन माइक, ऑर्गनला एक, आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे स्पीकर. तिसऱ्या रांगेत माझे कान दुखायला लागले. उठून मागे ध्वनिव्यवस्थेच्या पोराकडे गेलो, म्हटले, बाबा रे, जरा कमी कर. तो म्हणाला, "काका, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे ना." मागच्या पाच रांगा रिकाम्या होत्या. मी त्याला त्या दाखवल्या. त्याने मान डोलावली आणि आवाज होता तिथेच ठेवला. यावर मी आपल्याला तेव्हा पत्र पाठवले होते, ते छापून आले नाही. असो.

लेखात शेवटी 'मुंबईतले ऑपेरा हाउसही काळाच्या पडद्याआड गेले' असा एक उसासा आहे. 1993 मध्ये बंद पडलेले ते थिएटर दुरुस्त होऊन 2016 मध्ये पुन्हा सुरू झाले. लेखक महाशयांनी चर्नी रोडला उतरून पाच-दहा मिनिटे चालत जाऊन पाहावे. उसासा वाचेल.

खुलासा छापणार असाल तर कृपया फोटोचा छापा, बाकी मतभेद समजू शकतो.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. : पान चारवरची 'आजचे कार्यक्रम' ही चौकट काही महिन्यांपासून दिसत नाही. तिथे आता फ्लॅटची जाहिरात असते. कुठे कोणाचे गाणे आहे ते आम्हा म्हाताऱ्यांना त्या चौकटीतूनच कळत असे. फ्लॅट आम्हाला घ्यायचा नाही, तरी ती चौकट पुन्हा सुरू करावी ही विनंती.