शकुंतलेचं ब्रॉडगेज करा, पण मधली स्टेशनं गाळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शकुंतला रेल्वेची, म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या बंद पडलेल्या अडीच फुटी छोट्या गाडीची, बातमी अधूनमधून पेपरात येते. सर्वे होणार, निधी येणार, ब्रॉडगेज म्हणजे मोठी लाईन होणार, आणि दरवेळी त्यात मूर्तिजापूर, अचलपूर, यवतमाळ एवढी तीनच नावं असतात. मधल्या गावांचं काय हे कोणी लिहितच नाही, म्हणून हे पत्र. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट, यवतमाळकडच्या फाट्यावर कारंजा, दारव्हा, ही सगळी शकुंतलेचीच स्टेशनं आहेत आणि या गाडीचा खरा प्रवासी इथलाच होता.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून थोडा इतिहास सांगतो. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात न्यायचा म्हणून इंग्रजांच्या काळात ही अडीच फुटी लाईन टाकली गेली, किलिक निक्सन कंपनीने 1910 मध्ये त्यासाठी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर मुंबई-नागपूर मेन लाईनवर, तिथून एक फाटा 76 किलोमीटर अचलपूरला आणि दुसरा 113 किलोमीटर यवतमाळला. कापसाच्या गाठी छोट्या गाडीतून मूर्तिजापूरला यायच्या आणि तिथे मोठ्या गाडीत भरल्या जायच्या. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं ही गाडी ओढत होतं, डिझेल आलं ते थेट 1994 च्या एप्रिलमध्ये. म्हणजे देशात राजधानी एक्सप्रेस सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली तरी आमच्याकडे कोळशाचाच धूर होता.

पण मला स्टेशनांबद्दल बोलायचंय. शेवटच्या काळात बऱ्याच स्टेशनांवर रेल्वेचा एकही माणूस नव्हता, ना मास्तर ना पॉइंट्समन, तिकीट गाडीतच गार्डकडे मिळायचं. फाटक आलं की गाडी थांबायची, एक कर्मचारी खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे जाऊन परत थांबायची, तो फाटक उघडायचा आणि पळत येऊन चढायचा. एवढं करत 76 किलोमीटरला चारेक तास लागायचे. लोक बाहेरून फोटो काढायला यायचे, त्यांना ते छान वाटायचं, पण रोज जाणाऱ्याला ती काही मजा नव्हती, स्वस्त म्हणून लोक बसायचे. शेतमजूर, शाळेची पोरं, माहेरी निघालेल्या बाया, ज्यांना बसचं तिकीटही जड वाटतं असे लोक. आधी यवतमाळकडची गाडी थांबली मग अचलपूरकडची, आणि या लोकांकडे उरली ती एसटी, नाहीतर काळीपिवळी.

काही जण म्हणतात की आता रस्ते झाले, गाड्या झाल्या, छोटी स्टेशनं कशाला हवीत, दोन टोकं जोडली की झालं. हे मला अजिबात पटत नाही. त्यांनी जरा बार्शी लाईटकडे बघावं. ती पण अशीच अडीच फुटी लाईन, 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. तिचं ब्रॉडगेज झालं तेव्हाही लोक म्हणाले असतील एवढा पैसा कशाला. मग 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा याच लाईनवरून मिरजेहून पाण्याची गाडी गेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. रूळ अडीच फुटीच राहिले असते तर मिरजेत भरलेल्या त्या वाघिणी लातूरला पोचल्याच नसत्या. आणि सांगोला घ्या, याच लाईनवरचं तालुक्याचं गाव, 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे तिथून निघाली आणि बंगालमध्ये शालिमारला गेली. सांगोल्याचं स्टेशन गाळलं असतं तर तिथल्या डाळिंबवाल्याने माल कुठे भरला असता?

आता आमच्याकडचा हिशोब करा. अंजनगावला पानमळे आहेत, पानपिंपरी हे औषधी पीक आहे, परतवाडा-अचलपूर भागात संत्री, दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, कापूस आणि हरभरा. पान हा नाजूक माल, उशीर झाला की सडतो, वेळेवर बाजारात पोचला तरच भाव मिळतो. म्हणून स्टेशन बांधताना नुसता प्लॅटफॉर्म आणि नावाची पाटी नको, मालधक्का पाहिजे, ट्रक आत येईल एवढी जागा पाहिजे, सावली पाहिजे. आणि प्रवाशांसाठी पाणी, बायांसाठी चालू अवस्थेतलं संडास-बाथरूम, रात्रीची लाईट आणि एसटी स्टँडपर्यंत धड रस्ता. हॉल्ट स्टेशनवर रेल्वे कमिशनवर तिकीट विकणारा एजंट नेमते, तसा गावातलाच एखादा होतकरू पोरगा नेमला तर त्यालाही काम मिळेल, हे काही अवघड नाही. गाडीची वेळ मात्र नीट लावायला हवी, सकाळी कॉलेज आणि दवाखान्याच्या वेळेला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. दुपारी बाराला रिकामी पळवली आणि मग प्रवासीच नाहीत म्हणून बंद केली असं व्हायला नको.

मूर्तिजापूर स्टेशनचं 2025 च्या मे महिन्यात अमृत भारत योजनेत नूतनीकरण होऊन उद्घाटन झालं, चांगली गोष्ट आहे, त्याचा आनंदच आहे. तिकडे वर्धा ते कळंब गाडी 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाली, ती लाईन यवतमाळवरून नांदेडला जाणार आहे. म्हणजे यवतमाळला कुठून तरी रेल्वे मिळेल. दर्यापूर-अंजनगावला शकुंतलेशिवाय दुसरी रेल्वे नाही हो, आमची सगळी आशा या एकाच लाईनवर आहे.

तोपर्यंत निदान जे उरलंय ते तरी सांभाळा. जुन्या दगडी इमारतींची कौलं नीट करा, रुळांची चोरी थांबवा, रेल्वेच्या जागेवर अतिक्रमण होऊ देऊ नका, कारण उद्या जागा मोकळी करण्यातच परत दहा वर्षं जातील.

आपल्या पेपरला विनंती आहे की ब्रॉडगेजची पुढची बातमी छापाल तेव्हा किती कोटी एवढंच न विचारता, आराखड्यात कुठली कुठली स्टेशनं धरली आणि कुठली गाळली ती यादी मागून घ्या आणि गावांच्या नावासकट छापा. ज्या गावाचं नाव त्यात नसेल तिथल्या ग्रामपंचायतीला वेळेत ठराव घेऊन पाठवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, अंजनगाव सुर्जी